चिखलातला अमीबा आणि कुष्ठरोगाचा जंतू

'अमीबाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थी म्हणून सोडवलेला असतो आणि शिक्षक म्हणून विचारलेलाही असतो. छद्मपाद, केंद्रक, अन्नरिक्तिका, संकोची रिक्तिका. चार बाण, चार नावे. अन्नरिक्तिकेच्या वर्तुळात दोन-तीन ठिपके काढायची पद्धत आहे. ते ठिपके म्हणजे अमीबाचे अन्न, आणि मातीतल्या अमीबांच्या बाबतीत ते बहुधा जीवाणू असतात. अमीबा त्यांना वेढतो, आत घेतो, पचवतो आणि उरलेले बाहेर टाकतो. पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते.

आम्हाला या लेखात त्या ठिपक्यांविषयी बोलायचे आहे, कारण ते सगळेच पचत नाहीत. काही ठिपके अमीबाच्या पोटात जिवंत राहतात, काही तिथे वाढतात, आणि काही तर अमीबालाच संपवून बाहेर पडतात. अशा न पचणाऱ्या जीवाणूंमध्ये माणसाला आजारी करणारे बरेच आहेत. कुष्ठरोगाचा जंतू त्यांपैकी एक असावा, असा पुरावा गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुढे आला आहे. पूर्व विदर्भातल्या शिक्षकांना यात विशेष रस वाटावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातले कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेले जिल्हे आहेत.

पावसाळा आणि उन्हाळा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला नावाचे गाव आहे. मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे ते प्रसिद्ध आहे. पण नाव ऐकल्यावर आठवतो तो चिखल, आणि आम्हाला इथे खाणीपेक्षा चिखलाचीच जास्त गरज आहे. हा सगळा मुलूख धानाचा आणि तलावांचा. मामा तलाव, बोड्या, पाण्याने भरलेल्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलाचा चिमूटभर भाग घेतला तर त्यात जीवाणू कोट्यवधींनी असतात, आणि त्यांच्यावर चरणारे अमीबाही असतात. गवतावर गुरे चरावीत तसे हे अमीबा जीवाणूंवर चरतात. यांना मुक्तजीवी अमीबा म्हणतात, कारण जगण्यासाठी त्यांना दुसऱ्या कुणाच्या शरीराची गरज नसते. आमांश घडवणारा आतड्यातला अमीबा वेगळा. तो परजीवी आहे.

मुक्तजीवी अमीबांमध्ये अकँथअमीबा हा फार सर्वत्र आढळणारा गट आहे. माती, तळी, विहिरी, नळाचे पाणी, पाण्याच्या टाकीतला गाळ, धूळ, कुठेही तो सापडतो. पाठ्यपुस्तकातल्या ऐसपैस अमीबाच्या मानाने हा फारच लहान असतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या पंचवीस-पन्नासाव्या भागाइतकी. त्याच्या अंगावर बारीक काट्यांसारखी टोके दिसतात, त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले.

आता मे महिन्यात त्याच बांधीत जाऊ. पाणी केव्हाच आटलेले आहे, जमिनीला भेगा पडल्या आहेत, माती ढेकूळ होऊन बसली आहे. अमीबाची पेशी म्हणजे पातळ पटलात बांधलेला थेंब. तो या उन्हात वाळून जायला हवा. तो वाळत नाही, कारण पाणी ओसरू लागले किंवा अन्न संपले की तो छद्मपाद आत घेतो, गोल होतो, अंगातले बरेचसे पाणी बाहेर टाकतो आणि स्वतःभोवती कवच विणतो. कवचबंद अमीबाला पुटी म्हणतात. अकँथअमीबाच्या पुटीला दुहेरी भिंत असते आणि आतल्या भिंतीत सेल्युलोज असते, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतला पदार्थ. पाऊस पडला, जीवाणूंची चाहूल लागली की भिंतीतल्या बारीक छिद्रावाटे अमीबा बाहेर येतो आणि पुन्हा चरू लागतो. ही पुटी किती काळ टिकते? वाळवून ठेवलेल्या अकँथअमीबाच्या पुट्या वीस वर्षांहून अधिक काळानंतरही जिवंत निघाल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. चिखल्याचा एक उन्हाळा तिच्या दृष्टीने काहीच नव्हे.

गिळणे एक, पचवणे दुसरे

अमीबा जीवाणू गिळतो तेव्हा काय होते ते जरा सावकाश पाहू. जीवाणू पेशीपटलाला चिकटतो. पटल त्याच्याभोवती वाकते, त्याला पूर्ण वेढते, आणि तो पटलाच्याच छोट्या पिशवीत बंद होऊन पेशीच्या आत येतो. ही झाली अन्नरिक्तिका. मग पेशीतल्या लयकारिका या पिशवीला येऊन मिळतात आणि आपल्याजवळचे आम्ल व विकरे तिच्यात ओततात. जीवाणूच्या भिंती विरघळतात, प्रथिने तुटतात आणि अमीबाला अन्न मिळते.

आता 'अमीबा' हा शब्द काढून त्या जागी 'आपल्या शरीरातली भक्षकपेशी' असे शब्द घाला. वर्णनात जवळजवळ काहीही बदलावे लागत नाही. आपल्या फुप्फुसांत, यकृतात, त्वचेखाली फिरणाऱ्या भक्षकपेशी आत शिरलेल्या जंतूंना याच रीतीने गिळतात आणि याच रीतीने मारतात. मेचनिकॉफने १८८२ साली तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि फिरत्या पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या. तिथून प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला एक नवी वाट मिळाली. अमीबाचे जेवण आणि आपल्या शरीराचे संरक्षण ही एकाच यंत्रणेची दोन रूपे आहेत.

याचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही. समजा, एखाद्या जीवाणूने मातीत राहून अमीबाच्या पोटात न पचण्याची युक्ती मिळवली. त्याने माणूस कधी पाहिलेलाही नाही. पण उद्या तो माणसाच्या फुप्फुसात पोचला आणि भक्षकपेशीने त्याला गिळले, तर तीच युक्ती तिथेही चालेल. कुलपाची बनावट सारखी असेल तर एका दारासाठी घडवलेली किल्ली दुसऱ्यालाही लागते.

ही नुसती कल्पना नाही. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. तिथून परतलेल्यांना आणि त्या परिसरात वावरलेल्या काहींना विचित्र न्यूमोनिया झाला. ३४ माणसे दगावली. कारण सापडायला सुमारे सहा महिने गेले. मग जोसेफ मॅकडेड यांनी एक अपरिचित जीवाणू वेगळा केला. सैनिकांच्या 'लीजन' या संघटनेवरून त्याला लेजिओनेला म्हणू लागले. हा जीवाणू पाण्यातला, त्यातही वातानुकूलन यंत्रणांच्या शीतक मनोऱ्यांत आणि कोमट पाण्याच्या नळांत सापडणारा. पण प्रयोगशाळेत तो अतिशय नखरेल निघाला. साध्या पोषक माध्यमावर वाढेना. मग मनोऱ्याच्या साध्या पाण्यात तो वाढतो कसा?

उत्तर १९८० मध्ये इंग्लंडमधील लीड्सच्या टिमोथी रोबॉथम यांनी दिले. लेजिओनेला पाण्यात वाढत नाही, पाण्यातल्या अमीबांच्या आत वाढतो. गिळला गेल्यावर तो सुईसारख्या एका यंत्रणेतून तीनशेहून अधिक प्रकारची प्रथिने अमीबाच्या पेशीद्रव्यात सोडतो. ती प्रथिने लयकारिकांना पिशवीपासून दूर ठेवतात. उलट आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे ओढून आणून पिशवीभोवती त्यांचे अस्तर लावतात. अमीबाला ती पिशवी आता जेवण वाटत नाही, स्वतःचाच एखादा अवयव वाटते. आत जीवाणू वाढतात, शेकड्यांनी होतात, आणि शेवटी अमीबा फुटतो. माणसाच्या फुप्फुसातल्या भक्षकपेशीत हेच घडते, त्याच प्रथिनांच्या मदतीने.

(जाता जाता: याच रोबॉथम यांना १९९२ मध्ये ब्रॅडफर्डच्या एका शीतक मनोऱ्यातल्या अमीबात एक गोल 'जीवाणू' दिसला. २००३ मध्ये कळले की तो जीवाणू नसून राक्षसी आकाराचा विषाणू आहे. त्याची भावंडे पुढे पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांना मुंबईच्या सांडपाण्यात मिळाली, आणि त्यांतल्या एकाचे नाव त्यांनी 'मिमिव्हायरस बॉम्बे' असे ठेवले. अमीबाच्या पोटात कोण कोण राहते याची यादी अजून पुरी व्हायची आहे.)

लेजिओनेला आत असताना अमीबाने पुटी केली तर? किल्व्हिंग्टन आणि प्राइस यांनी १९९० मध्ये हे तपासले. पुटीतले लेजिओनेला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यातूनही जिवंत निघाले. आपल्या गावात टीसीएल पावडर टाकल्यावर ओटी चाचणीने आपण जो शिल्लक क्लोरीन मोजतो तो लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम असला तरी पुरे मानतात. म्हणजे अडीचशे पट क्लोरीन त्या पुटीने झेलला. यावरून कुणी टीसीएल निरुपयोगी ठरवू नये. पटकी, विषमज्वर, अतिसार यांचे पाण्यात मोकळे फिरणारे जंतू त्या थोड्याशा क्लोरीनने मरतात, आणि त्यामुळे दरवर्षी असंख्य जीव वाचतात. पुटीतले जंतू हा वेगळा प्रश्न आहे.

जो कुठेच वाढत नाही

आता कुष्ठरोगाकडे येऊ. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींत काड्यांसारखे जंतू पाहिले. माणसाच्या आजाराचे कारण म्हणून ओळखल्या गेलेल्या अगदी पहिल्या जीवाणूंपैकी हा एक. दीडशे वर्षे उलटून गेली, पण आजवर कुणालाही हा जंतू काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. तो जिवंत पेशीच्या आतच वाढतो आणि तेही अत्यंत संथपणे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. आतड्यातला सामान्य जीवाणू हे काम वीस मिनिटांत करतो. म्हणूनच संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही.

१९६० मध्ये शेपर्ड यांना उंदराच्या तळव्यात हा जंतू थोडाफार वाढवता आला. तळवाच का? शरीराचा तो भाग थंड असतो, आणि या जंतूला थोडा थंडावा लागतो. माणसातही तो नाक, कानाची पाळी, हातपाय अशा थंड भागांत जास्त सापडतो. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात तो भरपूर वाढला, कारण त्या प्राण्याचे शरीरच थंड असते.

२००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि त्याच्या नखऱ्यांचे कारण कळले. त्याचा जवळचा नातलग म्हणजे क्षयाचा जंतू. त्याच्याकडे सुमारे ४,००० जनुके चालू स्थितीत आहेत. कुष्ठजंतूकडे उरली आहेत जेमतेम १,६००. आणखी ११०० च्या वर जनुके आहेत, पण मोडलेली. ओसाड वाड्यात खोल्या असाव्यात पण छत नसावे तशी. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या पेशीत आयते खाऊन राहिल्यामुळे त्याने स्वतःचा स्वयंपाक जवळजवळ सोडून दिला आहे.

असा जंतू शरीराबाहेर काही तासांत मरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. डॉ. के. व्ही. देसिकन आणि श्रीवत्स यांनी हे प्रत्यक्ष तपासले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ओल्या मातीत ठेवलेले जंतू ४६ दिवसांपर्यंत जिवंत राहिले, आणि सावलीत वाळवलेले पाच महिन्यांपर्यंत. रोज तीन तास थेट उन्हात ठेवलेले सात दिवसांपर्यंत टिकले. आमच्या मते या विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला गेलेला भारतीय अभ्यास आहे. महागडी यंत्रे नाहीत. चिकाटी, ऊन, सावली, माती आणि उंदराचे तळवे एवढ्यावर तो उभा आहे.

त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, काझ्दा आणि मुंबईचे डॉ. आर. गणपती, रेवणकर आदींनी मुंबईच्या मातीतून कुष्ठजंतू वेगळे केल्याचा अहवाल दिला होता. त्या काळी अनेकांनी तो बाजूला ठेवला. रुग्णाच्या नाकातून जंतू बाहेर पडतात हे माहीतच होते. ते मातीवर पडले असतील, त्यात विशेष काय, असा विचार. हा विचार चुकीचा नव्हता, अपुरा होता.

एक कोडे मात्र कुष्ठरोगावर काम करणाऱ्यांना सतत सतावत होते. १९८२ पासून बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, आला. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घेतली की रोग बरा होतो, आणि पहिल्या मात्रांनंतर लवकरच रुग्ण इतरांना संसर्ग देण्याचे थांबवतो. रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण ही मर्यादा गाठली. पण नवे रुग्ण मिळायचे थांबले नाहीत. देशात अलीकडच्या वर्षांतही दरसाल लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात, जगातल्या निम्म्याहून जास्त. आणि त्यांतल्या कित्येकांना आपण कुठल्याही कुष्ठरुग्णाच्या सहवासात आल्याचे आठवत नाही.

या 'आठवत नाही'चे साधे स्पष्टीकरण आहे, आणि ते आधी दिले पाहिजे. पाच-दहा वर्षांपूर्वी एसटीच्या प्रवासात, शाळेत किंवा लग्नघरी शेजारी कोण होते हे कुणाला आठवणार? गावात निदान न झालेला एखादा रुग्ण असू शकतो. बहुतेक नव्या रुग्णांचे उत्तर हेच असणार. पण सगळ्यांचे?

पुटीतले आठ महिने

लाहिरी आणि क्राहेनबुल यांनी २००८ मध्ये प्रयोगशाळेत कुष्ठजंतू मुक्तजीवी अमीबांपुढे ठेवले. अमीबांनी ते गिळले, आणि गिळलेले जंतू जिवंत राहिले. मग २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या व्हीट आणि सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी अकँथअमीबाच्या तीन जाती आणि हार्टमनेला या दुसऱ्या अमीबाचे दोन वाण घेतले. जंतू गिळून झाल्यावर अमीबांना पुट्या करायला भाग पाडले आणि त्या पुट्या ठेवून दिल्या. नंतर फोडून पाहिले, तर आठ महिन्यांपर्यंत आतले जंतू जिवंत होते.

'जिवंत' म्हणजे काय, हा प्रश्न इथे विद्यार्थ्यांनी विचारायला हवा. जो जंतू बशीत वाढतच नाही, तो जिवंत आहे हे ठरवायचे कसे? एक मार्ग म्हणजे जंतूचे पटल शाबूत आहे का ते पाहणे. जिवंत पेशी काही रंगद्रव्यांना आत येऊ देत नाही, मेलेली देते. पण हा अप्रत्यक्ष पुरावा झाला. म्हणून या गटाने ३५ दिवस अमीबाबरोबर राहिलेले जंतू काढून उंदरांच्या तळव्यांत टोचले. सुमारे ८० टक्के उंदरांच्या तळव्यांना सूज आली. ताज्या जंतूंनी येते तशीच, फक्त सुरुवातीला जरा सावकाश. म्हणजे जंतू नुसते शाबूत नव्हते, रोग करण्याइतके सक्षमही होते.

इथे एक भेद काटेकोरपणे करायला हवा. लेजिओनेला अमीबात वाढतो. कुष्ठजंतूच्या बाबतीत दाखवले गेले ते टिकून राहणे, वाढणे नव्हे. लेजिओनेला म्हणजे घर बळकावून बसलेला आणि गोतावळा वाढवणारा माणूस. कुष्ठजंतू म्हणजे पावसात अडकून कुणाच्या ओसरीवर बसलेला वाटसरू. पण ज्याला दुसऱ्या घरी पोचायचे आहे, त्याला ओसरीसुद्धा पुरते.

प्रयोगशाळेबाहेरचे काय? पश्चिम बंगालमधील पुरुलिया हा कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेला जिल्हा. तिथल्या रुग्णांच्या वस्त्यांमधील परिसराचे नमुने तुरणकर आणि सहकाऱ्यांनी तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुष्ठजंतूंचे टिकून राहणे आणि अकँथअमीबाशी त्यांची सोबत या दोन्हींची नोंद आहे. अशा तपासणीत डीएनए शोधून भागत नाही. जंतू मेल्यावरही त्याचा डीएनए मातीत बराच काळ पडून राहतो, म्हणून डीएनए मिळाला तर 'इथे जंतू होता' एवढेच कळते. आरएनए मात्र लवकर विघटित होतो आणि तो सतत नव्याने बनवावा लागतो. आरएनए मिळाला तर 'इथे जंतू नुकताच जिवंत होता' असे म्हणता येते. घरावरची पाटी आणि चुलीतला विस्तव यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. पाटी घर सोडून गेलेल्याचीही असू शकते.

साखळीतला न जुळलेला दुवा

आतापर्यंतचा पुरावा ओळीने मांडू. रुग्णाच्या नाकातून जंतू बाहेर पडतात. ते मातीत आठवडे, महिने टिकतात. मातीतला अमीबा त्यांना गिळतो. पुटीत ते आठ महिने तग धरतात. आठ महिन्यांचा हिशेब धानाच्या बांधीला लावून पाहा. पाणी ओसरते दिवाळीच्या सुमारास, पुन्हा भरते ते आषाढात. पुटीतला जंतू एक उन्हाळा ओलांडू शकतो, असा याचा अर्थ होतो. पण हा हिशेब कागदावरचा आहे. प्रयोगशाळेतल्या पुट्या ४५ अंशांच्या तापमानात भेगाळलेल्या जमिनीत पडून नव्हत्या.

साखळीतला शेवटचा दुवा जुळलेला नाही. मातीतला किंवा अमीबातला जंतू माणसाच्या शरीरात शिरून त्याला कुष्ठरोग झाला, असे एकाही माणसाबाबत दाखवता आलेले नाही. आर्माडिलोच्या बाबतीत ते झाले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांमधले काही रुग्ण आणि तिथले आर्माडिलो यांच्यातला जंतू एकाच वाणाचा असल्याचे २०११ मध्ये जनुकांवरून सिद्ध झाले. अमीबासाठी असे जनुकीय जुळणीचे काम व्हायला हवे. त्यासाठी एकाच गावातले रुग्ण, त्यांचा सहवास आणि तिथली माती यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागेल.

आमचे मत विचाराल तर असे, की मुख्य रस्ता उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वासातून दीर्घ सहवासातल्या माणसाकडे जाणारा आहे, आणि अमीबा असलाच तर एक आडवाट आहे. पण शून्य संसर्गाचे उद्दिष्ट ठेवले की आडवाटांचाही विचार करावा लागतो. देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने २०२७ पर्यंत संसर्ग शून्यावर आणण्याचे ठरवले आहे. देवी संपली, कारण तिच्या विषाणूला माणसाखेरीज दुसरे घर नव्हते. कुष्ठजंतूला माणसाखेरीज आर्माडिलोत घर आहे. २०१६ मध्ये ब्रिटिश बेटांवरच्या लाल खारींत आणि २०२१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या रानटी चिंपांझींतही तो सापडला. त्यात अमीबाची ओसरी मिळाली, तर शेवटचा रुग्ण बरा झाला म्हणून शेवटचा जंतू संपला असे म्हणता येणार नाही.

हे वर्गात सांगताना

हा विषय वर्गात काढायला शिक्षक कचरतील आणि त्याला कारण आहे. कुष्ठरोगाविषयीच्या भीतीने आपल्याकडे रोगापेक्षा जास्त नुकसान केले आहे. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी काम सुरू केले, १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, ती रुग्णांना घरातून हाकलले जात होते म्हणून. बाबांनी कलकत्त्याला शिकत असताना स्वतःच्या शरीरात जिवंत कुष्ठजंतू टोचून घेतले होते, आणि त्यांना रोग झाला नाही. वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी. शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या शरीरात या जंतूला मुळातच थारा मिळत नाही.

म्हणून मुलांनी 'मातीत कुष्ठरोग असतो' असे घरी जाऊन सांगितले, तर आपले शिकवणे फसले. पायाच्या भेगांतून बांधीतला जंतू शिरतो असे कुणीही सिद्ध केलेले नाही. रोवणीला जाणाऱ्या बाईने भ्यायचे काही कारण नाही. ज्याची खरोखर दखल घ्यायची ती वेगळी गोष्ट आहे: त्वचेवरचा फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे कापसाचा स्पर्श किंवा बॉलपेनचे टोक कळत नाही. जंतू मज्जातंतूंत शिरतो म्हणून संवेदना जाते. बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हे. चटका आणि जखम जाणवत नाही, म्हणून ती चिघळत जाते. असा चट्टा दिसला तर मुलाला वर्गासमोर उभे न करता पालकांशी बोलावे. तपासणी आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, आणि सहवासातल्या निरोगी माणसांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याची सोयही कार्यक्रमात आहे.

केरळातल्या 'मेंदू खाणाऱ्या अमीबा'च्या २०२४ आणि २०२५ मधल्या बातम्या मुलांनी ऐकलेल्या असतील आणि ती हमखास विचारतील. तो नेग्लेरिया हा दुसरा मुक्तजीवी अमीबा. तो कोमट साचलेल्या पाण्यात असतो आणि पोहताना नाकात पाणी गेले तर क्वचित मेंदूपर्यंत पोचतो. तिथे अमीबा स्वतःच रोग करतो. आपल्या गोष्टीत तो फक्त वाहक आहे.

अमीबा प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर तलावाच्या काठचा थोडा गाळ आणि कुजकी पाने रुंद तोंडाच्या बाटलीत तलावाच्याच पाण्यात ठेवा. तीन-चार भाताचे दाणे टाका. झाकण सैल ठेवून बाटली आठवडाभर सावलीत राहू द्या. दाण्यांवर जीवाणू वाढतील, जीवाणूंवर अमीबा येतील. तळाच्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन आच्छादक काच ठेवा आणि पाच-दहा मिनिटे हलवू नका, कारण दचकलेला अमीबा गोल होऊन बसतो आणि ओळखू येत नाही. नंतर हात साबणाने धुवावेत, आणि पाणी डोळ्यांत जाणार नाही असे पाहावे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात मोठे अमीबा दिसतील. अकँथअमीबासाठी जास्त ताकदीचे भिंग लागते.

त्यानंतर तोच गाळ एका बशीत पसरून सावलीत पूर्ण वाळू द्या. पंधरा दिवसांनी त्यावर उकळून थंड केलेले पाणी आणि भाताचा एक दाणा टाकून दोन-तीन दिवस रोज थेंब तपासा. कोण परत आले आणि किती दिवसांनी, याची नोंद मुलांना ठेवायला सांगा. उकळलेलेच पाणी का वापरले, हे त्यांना आधी विचारा.